पिकअपचा एसी रस्त्यावर गार, रांगेत गरम: दुखणे गॅसचे की वाऱ्याचे?

प्रश्न : आमची डिझेल पिकअप पंधरा वर्षांची आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटे, सोफे भरून अंबरनाथ, बदलापूर आणि कधी पनवेलपर्यंत नेतो. मोकळ्या रस्त्यावर एसी बऱ्यापैकी गार हवा देतो. पण कल्याण-बदलापूर रस्त्यावर वाहनांच्या रांगेत अडकलो की गरम वारा यायला लागतो. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो. महिना-दोन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. आता कॉम्प्रेसर बदलायला सांगितले आहे. खरे दुखणे काय आहे आणि खर्च करण्यापूर्वी ते आम्हाला कसे ओळखता येईल? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : तुम्ही लक्षणे नीट लिहिलीत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, ही पहिली. गॅस भरल्यावर काही काळ बरे आणि मग पुन्हा मंद, ही दुसरी. पहिलीचा रोख बाहेरच्या जाळीवर येणाऱ्या वाऱ्याकडे आहे, दुसरीचा गळतीकडे. कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. त्यामुळे आधी कारण शोधा, मगच गॅस भरा किंवा सुटा भाग बदला.

एसी नेमके काय करतो?

एसी थंडी तयार करत नाही. तो केबिनमधली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे काम गॅस करतो. बहुतेक गाड्यांत १९९०च्या दशकाच्या मध्यापासून आर-१३४ए हा गॅस वापरात आला. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथे तो सहज उकळतो आणि उकळताना केबिनच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर हा वायू ओढून दाबतो. दाबल्यामुळे तो बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम होतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेर सोडतो आणि द्रव बनतो. मग ड्रायरमधून गाळला जाऊन तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुन्हा कॉइलमध्ये शिरतो.

तुमच्या धंद्यातले उदाहरण घ्या. गॅस म्हणजे एकाच टोळीतले हमाल. केबिनमधून उष्णतेचा बोजा उचलायचा, कंडेन्सरपाशी उतरवायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचे, अशा त्यांच्या फेऱ्या चालू असतात. बोजा उतरवायच्या जागीच अडथळा आला, तर हमाल पुरेसे असूनही काम थांबते. टोळीतले काही हमाल निघून गेले, तर रस्ता मोकळा असूनही बोजा कमी उचलला जातो. तुमच्या गाडीत बहुधा या दोन्ही गोष्टी घडत आहेत.

गाडी थांबल्यावरच गरम हवा का येते?

उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. कंडेन्सरमधला गॅस साधारण ६० अंशांवर असेल आणि बाहेरची हवा ३२ अंशांवर, तर उष्णता बाहेर टाकायला २८ अंशांचा फरक मिळतो. बदलापूर समुद्रापासून दूर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा ४२ अंशांवर गेली की तोच फरक १८ अंशांवर येतो. एवढ्या तुटपुंज्या फरकावर काम भागवायचे, तर कंडेन्सरवरून हवा भरपूर वाहायला हवी.

गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असते तेव्हा ही हवा आपोआप मिळते. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर येते. पंखा मंद असेल किंवा जाळी बुजलेली असेल, तर उष्णता कंडेन्सरमध्येच अडते, दाब चढत जातो आणि केबिनमध्ये गरम हवा येते. इंजिन रिकामे चालत असताना कॉम्प्रेसरही सावकाश फिरतो, म्हणून निरोगी एसीसुद्धा रांगेत थोडा मंदावतो. पण मंदावणे वेगळे आणि गरम वारा येणे वेगळे.

याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी सावलीत उभी करून हातब्रेक लावा. इंजिन आणि एसी चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबा. गरम हवा यायला लागली की पुढून कंडेन्सरच्या जाळीवर नळीने हलक्या धारेचे पाणी मारा. थोड्याच वेळात केबिनमध्ये पुन्हा गारवा आला, तर दोष कंडेन्सरवरच्या हवेचा आहे, हे जवळजवळ नक्की झाले. कॉम्प्रेसर दाब देत नसता तर एवढ्याने गारवा परतला नसता.

मग हवा कुठे अडते?

पहिली जागा म्हणजे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. पुढून जाळी स्वच्छ दिसते, पण ओढला गेलेला कचरा या फटीत जाऊन बसतो. फर्निचर बाजारातला लाकडाचा भुसा, जीन्सच्या कारखान्यांच्या आसपास उडणारे सुताचे तंतू आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवरची धूळ यांचा तिथे तेलकट थर जमतो. तो काढायचा तर कंडेन्सर सैल करून पुढे घ्यावा लागतो आणि इंजिनाकडून पुढच्या दिशेने पाणी मारावे लागते. जोरदार दाबाचा फवारा जवळून मारू नका. त्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

दुसरी जागा पंख्याची. पुष्कळ जुन्या डिझेल पिकअपमध्ये पंखा इंजिनावरच बसवलेला असतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग असते. त्यातला घट्ट द्रव पंख्याला इंजिनाबरोबर फिरवतो. कपलिंग दमले की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. इंजिन चांगले तापल्यावर बंद करा, चावी काढून घ्या आणि पंखा हाताने ढकलून पाहा. जरा अवघडत, रोध देत फिरला तर ठीक. नुसताच गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेले आहे. कंडेन्सरपुढे वेगळा विजेचा पंखा असेल, तर एसी लावताच किंवा थोड्या वेळात तो जोरात सुरू व्हायला हवा. हा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. तिथे हात घालण्यापूर्वी चावी काढलेली असावी.

तिसरी जागा आपण स्वतःच अडवतो. पुढे बसवलेला जाड गार्ड, जास्तीचे दिवे, जाळीला बांधलेल्या पाट्या, ताडपत्रीची लोंबती टोके यांनीही हवा अडते. हे अडथळे दूर करायला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करा.

गॅस दरवर्षी संपतो, तो भरावाच लागतो ना?

हा समज इतका पसरला आहे की दर मार्चमध्ये गॅस भरणे हा देखभालीचाच भाग वाटू लागतो. गॅस डिझेलसारखा जळत नाही. टोळी फेऱ्या मारते, ती खर्ची पडत नाही. गाडीच्या एसीत रबरी नळ्या असतात आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यावर सील असते. त्यांतून वर्षाकाठी थोडासा गॅस झिरपतो, म्हणून काही वर्षांनी कमतरता जाणवणे स्वाभाविक आहे. दोन महिन्यांत गारवा गेला, तर मात्र ठळक गळती आहे.

ती गळती बऱ्याचदा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलावा येतो आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, कंडेन्सरचे कोपरे आणि गॅस भरायच्या दोन तोंडांची टोपणे नीट पाहा. काळपट तेलकट डाग दिसला की तिथे साबणाचे पाणी लावायला सांगा. मोठ्या गळतीला बुडबुडे येतात. बारीक गळतीसाठी गॅरेजमध्ये रंगद्रव्य घालून जांभळ्या दिव्याखाली पाहतात किंवा इलेक्ट्रॉनिक शोधकाचा वापर करतात. बाहेर कुठेच काही सापडले नाही, तर कूलिंग कॉइलवर संशय घ्यावा. ती डॅशबोर्डमागे असते, म्हणून तिची तपासणी सहसा टाळली जाते.

दुरुस्ती नेहमी महागडीच असते असे नाही. जोडातली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरते. ती किरकोळ वस्तू आहे. लाकूडसामान लादून खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत हादऱ्यांनी नळ्यांचे जोड सैल होतात. नळीला धरणारी पट्टी तुटली, तर नळी चासीवर घासून भोक पडते.

इंजिन बंद असताना गेज चांगला दाब दाखवतो. मग गॅस पुरेसा आहे ना?

नाही, आणि ही समजूत फार फसवी आहे. बंद यंत्रणेत द्रव आणि वायू दोन्ही असतील, तर दाब फक्त तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. आर-१३४एचा दाब ३० अंशांना गेजवर सुमारे ९७ पौंड असतो आणि ३५ अंशांना सुमारे ११४ पौंड. आत सहाशे ग्रॅम गॅस असो की तीनशे, द्रवाचा अंश शिल्लक असेपर्यंत आकडा तोच राहतो. इंजिन बंद असताना दाब शून्याजवळ आला, तर यंत्रणा रिकामी आहे एवढेच त्यावरून कळते.

खरी माहिती एसी चालू असताना मिळते. इंजिन साधारण १,५०० फेऱ्यांवर धरले आणि बाहेर ३०-३५ अंश असले, तर कमी दाबाची बाजू सुमारे २५ ते ४५ पौंड आणि जास्त दाबाची बाजू सुमारे १८० ते २५० पौंड दाखवते. दोन्ही आकडे खाली असतील, तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील, तर कंडेन्सरला हवा मिळत नाही, गॅस जास्त भरला आहे किंवा आत साधी हवा शिरली आहे. कमी दाबाची बाजू फारच खाली जाऊन शून्याकडे झुकत असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला असण्याची शक्यता मोठी. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल, तेव्हा कॉम्प्रेसरवर बोट ठेवता येते. म्हणून दोन्ही गेज लावल्याशिवाय सांगितलेले निदान हा अंदाजच असतो.

थोडा जास्त गॅस भरला तर गारवा वाढेल का?

उलट कमी होईल. जादा द्रव कंडेन्सरच्या नळ्यांत साचतो आणि उष्णता टाकायला जागा कमी उरते. दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि पट्टा कुरकुरतो. दाब साधारण ३० बारपर्यंत गेला की सुरक्षेचा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दर वर्षी अंदाजाने भरलेला गॅस जास्त झाला असेल, तर तुमच्या रांगेतल्या गरम हवेत त्याचीही भर पडते. गॅस वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असते. एसी बाहेरून बसवून घेतला असेल, तर ती माहिती बसवणाऱ्याकडून मिळवून बॉनेटखाली लिहून ठेवावी.

कॉम्प्रेसर गेला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

बॉनेट उघडून अंतर राखून पाहा. ढिले कपडे, गळ्यातला गमछा दूर ठेवा. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यामुळे सतत फिरत असते. एसी लावला की टक् असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती तिच्याबरोबर फिरू लागते. हा मॅग्नेट क्लच. आता रांगेत गरम हवा येते त्या क्षणी चकती काय करते, ते पाहायला हवे.

चकती फिरत आहे आणि तरी हवा गरम आहे, तर वर सांगितलेले वाऱ्याचे किंवा गॅसचे दुखणे तपासा. चकती दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर गॅस कमी असण्याचा संभव जास्त. चकती थांबली आणि पाणी मारल्यावर पुन्हा फिरली, तर दाब चढल्याने स्विचने तिला थांबवले होते. पाणी मारूनही थांबलेलीच राहिली, तर फ्यूज, रिले, थर्मोस्टॅट, स्विच आणि वायर या क्रमाने वीज क्लचपर्यंत पोहोचते का, ते बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पने पाहावे.

जुन्या गाडीत आणखी एक दोष भेटतो. क्लचची चकती झिजून पुलीपासूनचे अंतर वाढते. थंड असताना चुंबक तिला ओढून घेतो. तापल्यावर तारेच्या वेटोळ्याचा विद्युतरोध वाढतो, चुंबक कमजोर पडतो आणि चकती सुटते. गाडी थोडी निवली की एसी पुन्हा चालू. हा दोष कॉम्प्रेसरचा समजला जातो, पण बऱ्याचदा चकतीमागची पातळ शिम काढून अंतर कमी केले की भागते.

एक गोष्ट कधीही करू देऊ नका. गॅस कमी असल्याने प्रेशर स्विच क्लचला वीज देत नसेल, तर त्या स्विचच्या वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नये. दाब साधारण दोन बारच्या खाली गेल्यावर हा स्विच मुद्दामच वीज तोडतो. तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसेल तर तेल परत येत नाही आणि चांगला कॉम्प्रेसर कोरडा घासून निकामी होतो.

कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल, तर काढलेल्या तेलात धातूचा चुरा दिसतो. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर बदलून चालत नाही. नळ्या धुवाव्या लागतात, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलावे लागतात, नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरचा घात करतो.

पावसाळ्यात गाडीखाली पाणी गळते, तीही गळतीच का?

नाही. ते केबिनच्या हवेतलेच पाणी आहे आणि गाडीखाली पडते हे चांगले लक्षण आहे. गार कॉइलवर वाफ जमते आणि नळीतून बाहेर पडते. हवेतून एक लिटर पाणी काढायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. तासाला लिटरभर पाणी पडत असेल, तर एसीची जवळपास दोन तृतीयांश किलोवॅट ताकद त्यातच जाते. म्हणून जून-जुलैच्या दमट हवेत पारा उतरलेला असूनही एसी मंद वाटतो. पाणी पायाशी येत असेल, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती साफ करावी.

अर्धा-पाऊण तास छान गारवा आणि मग झरोक्यातून हवाच कमी येऊ लागते, असे होत असेल तर कॉइलवर बर्फ जमतो आहे. एसी बंद करून फक्त ब्लोअर चालवला की बर्फ वितळतो. धुळीने बुजलेली कॉइल, बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा कमी गॅस ही त्याची कारणे. ब्लोअरचा जोर तसाच आहे आणि फक्त गारवा मधूनमधून जातो, तर गॅसमध्ये मिसळलेला ओलावा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आहे, असे समजावे.

हीटर असलेल्या जुन्या गाडीत हीटरची झडप कधी कधी नीट बंद होत नाही. मग इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डमागे फिरत राहते आणि एसीने गार केलेली हवा पुन्हा तापते. पायाजवळच्या पत्र्यातली वायरींची रबरे निघालेली असतील किंवा दरवाज्याचे रबर फाटलेले असेल, तर इंजिनाची आणि बाहेरची गरम हवा आत येते. एसी लावल्यावर हवेचा खटका आतल्या हवेवर ठेवा. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून तापलेली हवा बाहेर जाऊ द्या.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे काय?

उल्हास नदीच्या काठच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. २६ जुलै २००५चा पूर आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तो जुलै २०१९चा पूर सर्वांना आठवतो. पुराचे पाणी बंद नळ्यांतल्या गॅसपर्यंत जात नाही. ते क्लचच्या बेअरिंगमध्ये, विजेच्या पंख्यात आणि वायरींच्या जोडांत शिरते. गाळ कंडेन्सरमध्ये बसतो आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. आज चालणारा एसी उद्या बंद आणि परवा पुन्हा चालू, असे होत असेल तर आधी हे जोड उघडून साफ करावेत. जुनी पिकअप विकत घेताना एसी अर्धा तास उभ्या गाडीत चालवून पाहावा.

स्वस्तात दुसरा कुठला गॅस भरला तर चालेल का?

चालणार नाही. फार जुन्या गाड्यांत आर-१२ होता. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार जगभर बंद करण्यात आला. भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. आर-१२ आणि आर-१३४ए यांची तेले वेगळी असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा नुसता ओतता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीतली ज्वालाग्राही मिश्रणे गार करतात, पण केबिनमध्ये गळती झाली तर आगीचा धोका असतो. बनावट गॅसमधला मिथाइल क्लोराइड ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करतो. २०११ मध्ये अशा भेसळीमुळे जहाजी वाहतुकीच्या शीतकंटेनरांत स्फोट होऊन माणसे दगावली. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नका.

जुना गॅस हवेत सोडू नका, यंत्राने काढून घ्यायला सांगा. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता वातावरणात अडवतो. अर्धा किलो गॅस सोडून देणे म्हणजे सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. ज्या उकाड्याशी आपण झगडतो, त्यात ही भर आहे.

मग गॅरेजमध्ये नेमके काय सांगायचे?

घरी पाण्याची परीक्षा, पंखा आणि क्लचची चकती पाहून घ्या. बाजारात मिळणारा साधा थर्मामीटर मधल्या झरोक्यात अडकवा. ३५ अंशांच्या दिवशी, आतली हवा फिरवत दहा मिनिटे एसी चालल्यावर झरोक्यातली हवा बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी गार असेल, तर एसी ठीक आहे. चालत्या आणि उभ्या गाडीतले आकडे कागदावर लिहा. हा कागद पुढे केला की बोलणे अंदाजावर राहत नाही.

कामाचा क्रम असा असावा. आधी कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट साफ करून पंखा ठीक करावा. मग दोन्ही गेज लावून दाब पाहावा. गळती शोधून बुजवावी. यंत्रणा उघडली की ड्रायर नवा घालावा, कारण त्यातले ओलावा शोषणारे दाणे बाहेरच्या हवेतली वाफ ओढून निरुपयोगी होतात. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावावा. दाब उतरला की पाणी ३० अंशांनाही उकळून वाफ होते आणि पंपाबरोबर निघून जाते. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवरून हलला नाही, तर गळती बुजली. मग वजन करून गॅस भरावा. व्हॅक्यूमची पायरी गाळून घाईने भरलेला गॅस स्वस्त वाटतो, पण आत राहिलेली हवा दाब चढवते आणि ओलावा तेल बिघडवतो. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहते.

एवढ्या जुन्या पिकअपसाठी हा खर्च करावा का?

माझे स्पष्ट मत आहे, करावा. मालवाहू गाडीतला एसी ही चैन नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू वाहनांना केंद्र सरकारने वातानुकूलित केबिन सक्तीची केली, ती चालकाचा थकवा आणि त्यातून होणारे अपघात लक्षात घेऊन. पिकअप बहुधा त्या वजनाच्या आत असते, म्हणून हा नियम तिला लागू होत नाही. पण मे महिन्यातली दुपार तिच्या चालकालाही तेवढीच भोगावी लागते. तुमच्या लक्षणांवरून पाहता सफाई, पंखा आणि एखादा गळका जोड एवढ्यावर काम भागण्याची आशा बरीच आहे. म्हणून कॉम्प्रेसरची मागणी नोंदवण्यापूर्वी पाण्याची परीक्षा आणि दोन गेजांची तपासणी करून घ्या.